फायली बाजूला ठेवा, आधी मागच्या गेटला जा

विचारा की! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सप्रेम नमस्कार,

मी राजारामपुरीत राहते. ३१ वर्षं हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या भागातल्या एका मंडळानं यंदापासून 'जबाबदार उद्योग' असा पुरस्कार द्यायचं ठरवलंय. २६ जूनला, शाहू जयंतीला. परीक्षक तिघं, त्यातली एक मी. तीन फायली घरी येऊन पडल्यात. पहिली शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याची. रुग्णवाहिका दिली, दोन शाळांना स्वच्छतागृहं बांधली, हजार झाडं लावली. दुसरी इचलकरंजीकडच्या कापड प्रोसेसिंगची. तिच्यावर 'शंभर टक्के इको-फ्रेंडली' असं छापलंय आणि आत पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ १४००१ सर्टिफिकेट आहे. तिसरी एका बाईंच्या कांदा-लसूण चटणीच्या कारखान्याची. कामाला १८ बायका, फायलीत चार कागद आणि एक फोटो. अध्यक्षांचा कल फौंड्रीकडे आहे, मालक त्यांचे जुने मित्र. पण माझा एक विद्यार्थी त्याच फौंड्रीत ठेकेदाराकडं काम करतो. परवा कपिलतीर्थ मंडईत भेटला आणि म्हणाला, "बाई, पगारातनं पीएफ कापत्यात, पण भरत्यात का नाही देव जाणे." तेव्हापासून फायलीकडं बघवत नाही. मार्क कसे द्यायचे? आणि मी काही उद्योगातली नव्हे. मला हे तपासायचा अधिकार तरी आहे का?

एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

बाई, नमस्कार.

अधिकाराचं आधी निकालात काढतो. समीकरण तोलताना डावीकडचे अणू उजवीकडं सगळे भरले का, हे तुम्ही ३१ वर्षं पोरांकडून तपासून घेतलंत. कारखाना तपासायला यापेक्षा फार वेगळी विद्या लागत नाही. आत काय येतं, बाहेर काय जातं आणि मधल्या मध्ये काय हरवतं, एवढंच बघायचं. मी २२ वर्षं एका कारखान्याच्या हिशेब विभागात काढली. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम शाळेत मी नुसता पाठ केला होता, समजावला तो आमच्या स्टोअरकीपरनं.

त्याच कारखान्यातली एक गोष्ट सांगतो. तपासणीला कोण येणार याचा निरोप आम्हाला आदल्या दिवशी मिळायचा. मग यार्डात पाणी मारायचं, ठेकेदाराच्या पोरांना भरपगारी सुट्टी द्यायची आणि सांडपाण्याचा प्लँट चालू करायचा. एकदा तर प्लँटवरच्या पोरानं पंपाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. इतक्या महिन्यांनी चालू होतोय म्हणून. साहेब आले, त्यांना वाटलं कामगार भाविक आहेत. तेव्हापासून पुढच्या गेटातून दिसणाऱ्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

तर फौंड्रीची फाईल. रुग्णवाहिका ही चांगलीच गोष्ट आहे, तिनं कुणाचा तरी जीव वाचत असेल. पण ती दान आहे की देणं, एवढं विचारा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी त्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केलीच पाहिजे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. सरासरी नफा ६ कोटी असेल तर १२ लाख झाले, आली तुमची रुग्णवाहिका. तेव्हा त्यांचा नफा या रेषेच्या वर असेल तर हे घरफाळा भरल्यासारखं आहे. घरफाळा वेळेवर भरला म्हणून आपण कुणाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करत नाही. रेषेच्या खाली असूनही दिली असेल तर मात्र ते स्वखुशीचं, आणि त्याचे मार्क जरूर द्या. (सहकारी संस्थांना हे कलम लागत नाही, कारण त्या कंपनी कायद्याखाली येत नाहीत. पुढच्या वर्षी एखाद्या साखर कारखान्याची फाईल आली तर हे लक्षात ठेवा.)

झाडांबद्दल फार बोलत नाही. खड्डा, रोप आणि दहा माणसं असा फोटो सगळ्यांकडं असतो. मागच्या वर्षीच्या झाडांचा यंदाच्या एप्रिलमधला फोटो मागा.

आता समीकरण मांडू. फौंड्रीत येतं पिग आयर्न, भंगार, वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती), कोळशाची पूड, वीज. बाहेर जातं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग. आणखी काय जातं? स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरची मळी), धूळ आणि जळकी वाळू. साच्याची वाळू परत परत वापरतात, पण दर फेरीत थोडी निकामी होते, ती टाकावीच लागते. म्हणून त्यांना विचारा: वर्षाला नवी वाळू किती टन घेतली आणि जुनी किती टन बाहेर गेली? दोन्ही आकडे जवळपास यायला हवेत, कारण वाळू हवेत विरघळत नाही. मग विचारा, बाहेर गेलेली कुठं गेली? वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्लँट असेल तर दाखवतीलच, कौतुकानं दाखवतील. विटा किंवा पेव्हिंग ब्लॉक करणाऱ्याला दिली असेल तर त्याची चलनं असतील. "ट्रॅक्टरवाला नेतो" असं उत्तर आलं, तर तो ट्रॅक्टर कुणाच्या तरी पडक्या विहिरीत, ओढ्याकाठी नाहीतर हायवेच्या खड्ड्यात रिकामा होतो असं धरून चाला.

प्रोसेसिंगच्या फायलीला तर हे समीकरण फारच लागू पडतं. कापडाला खळ काढणं, उकळणं, ब्लीच, रंग, धुणं, सगळं पाण्यात होतं. पाणी कुठून येतं ते विचारा: बोअर, टँकर की नळ. रोज ३ लाख लिटर आत येत असेल आणि सांडपाण्याच्या प्लँटच्या वहीत १ लाखच दिसत असेल, तर उरलेलं कुठं गेलं? बॉयलर आणि ड्रायरमध्ये काही वाफ होऊन जातं, ते मान्य. पण दोन तृतीयांश वाफ झाली असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

पाण्यापेक्षाही मी गाळ विचारतो. रंगाचं पाणी खरोखर प्रक्रिया करून सोडलं तर तळाला गाळ साठतोच. तो घातक कचऱ्यात मोडतो, आणि पुण्याजवळच्या रांजणगावसारख्या सामायिक केंद्रावर पाठवताना प्रत्येक खेपेचा कागद होतो. हे वर्षाचे कागद मागा. गाळ नाही याचा अर्थ प्लँट चालत नाही. नारळ फोडून चालू होणारा प्लँट गाळ देत नाही. तिसरी खूण विजेची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात सांडपाण्याच्या प्लँटला वेगळं मीटर ठेवायची आणि तिथं वापरलेल्या रसायनांची नोंदवही ठेवायची अट असते. वर्षभराचं मीटर रीडिंग आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवून बघा. रसायन रोज वापरलंय आणि वीज मात्र चार दिवसांचीच जळलीय, असं दिसलं की हिशेबनीस म्हणून मला हसू यायचं.

हे संमतीपत्र म्हणजे तुमचं पाठ्यपुस्तक. कुठलं उत्पादन किती टन काढायची परवानगी आहे, दिवसाला किती सांडपाणी सोडता येतं, त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप), बीओडी (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) किती असावा, मुदत कधीपर्यंत, सगळं त्यात असतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर बघायला मिळतं. मिळालं नाही तर कोल्हापुरातल्या मंडळाच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत कारखान्यानं मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं, फॉर्म ५ म्हणतात त्याला. त्यात पाणी, कच्चा माल आणि कचऱ्याचे आकडे असतात. तुमच्या फाईलमधला आकडा, फॉर्म ५ मधला आकडा आणि गेटावरच्या फलकावरचा आकडा, हे तीन एकमेकांशी जुळतात का बघा. गेटावरचा फलक म्हणजे कारखान्यात कुठली घातक रसायनं आहेत, किती सांडपाणी आणि कचरा निघतो हे लिहिलेला बोर्ड. तो बाहेर, लोकांना दिसेल असा लावायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो असतो खरा, पण उन्हानं इतका विटलेला की वाचायला तुमच्यासारखी उत्तरपत्रिका तपासलेली नजर लागेल.

आयएसओ १४००१ वर फार वेळ घालवू नका. ते सर्टिफिकेट सांगतं की कारखान्यात पर्यावरणाचं काम बघायची एक ठरलेली पद्धत आहे. पाणी स्वच्छ आहे असं ते म्हणत नाही. वह्यांना छान कव्हरं घालणाऱ्या पोरांना तुम्ही नुसत्या कव्हराचे मार्क दिले नसतील. आणि 'शंभर टक्के इको-फ्रेंडली' बद्दल: ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. असा शब्द वापरायचा तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. पत्र पाठवून पुरावा मागा. कदाचित पुढच्या वर्षीच्या ब्रोशरमधून ती ओळ गायब होईल. ते झालं तरी तुमच्या मंडळानं मोठं काम केलं म्हणायचं.

इथं मालक एक गोष्ट हमखास म्हणतील: "आमच्याच मागं का लागता? जयंती नाल्यातनं सगळ्या शहराचं मैलापाणी पंचगंगेत जातं, ते बघा की." खोटं नाही ते. नदीत केंदाळ माजतं आणि मासे मरतात यात शहराच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या न्हाणीघराचा वाटा आहेच. पण पुरस्कार पंचगंगेला द्यायचा नाही, त्या कारखान्याला द्यायचाय. दुसऱ्याच्या कॉपीनं आपला पेपर बरोबर होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आता तुमची झोप उडवणारा मुद्दा.

त्या विद्यार्थ्याचं वाक्य कुणालाही सांगू नका. अध्यक्षांना नाही, सहपरीक्षकांना नाही, 'एक कामगार म्हणाला' असंही नाही. शिरोलीत 'एक कामगार' कोण हे चहा संपायच्या आत कळतं. ठेकेदाराकडच्या पोराला काढताना कुणी नोटीसही देत नाही, उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. ते वाक्य न उच्चारता त्याची खातरजमा करता येते. तिन्ही अर्जदारांना एकच पत्र पाठवा: कायम आणि ठेकेदाराकडचे मिळून मागच्या १२ महिन्यांत दरमहा किती माणसं कामाला होती, आणि त्यांच्या पीएफ-ईएसआयची (ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा) चलनं. पीएफ कार्यालयाच्या वेबसाइटवर आस्थापनेचं नाव टाकून कुठल्या महिन्याचा भरणा झाला आणि किती माणसांचा झाला हे कुणालाही बघता येतं. ठेकेदाराचा पीएफ कोड वेगळा असतो, म्हणून ठेकेदारांची नावंही त्याच पत्रात मागा. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. ठेकेदारानं भरले नाहीत तर मूळ मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. गेटातून आत जाणारी माणसं ३०० आणि चलनावर ११०, असं निघालं तर तुम्हाला कुणाच्याही साक्षीची गरज पडणार नाही.

त्या पोराला एवढंच सांगा, त्यानं आपला यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) घेऊन मोबाइलवर पासबुक उघडावं. भरलेत का नाही हे देवाला विचारायची गरज नाही. यूएएनच दिला नसेल तर तेच उत्तर समजा.

फौंड्रीत गेलात तर ऑफिसमधला चहा लवकर संपवा आणि फेटलिंगला घेऊन चला म्हणा. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढतात ते खातं. वाळू म्हणजे सिलिका. तिची जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते, जी दिसत नाही ती फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. खोकला, दम, वजन उतरणं सगळं क्षयासारखंच दिसतं, त्यामुळं माणूस टीबीच्या गोळ्या खात बसतो आणि कारखान्याच्या वहीत काहीच येत नाही. तिथं तोंडाला काय बांधलंय बघा. रुमाल असेल तर रुग्णवाहिकेचे मार्क तिथंच संपले. धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे का, की नुसते पाइप लावलेत? छातीचा एक्स-रे वर्षाला होतो का, आणि ठेकेदाराच्या माणसांचाही होतो का? मी एवढे सगळे प्रश्न लिहिलेत, पण एकच विचारायला मिळाला तर हा शेवटचा विचारा.

बिलांचं थोडक्यात. मोठा कारखाना उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून जॉबवर्क करून घेतो. कायद्यानं अशा लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. दोघा-तिघा पुरवठादारांना फोन करा. "साहेब मोठा माणूस आहे, मिळतील पैसे" असं कुणी म्हणालं की समजा मिळालेले नाहीत.

चटणीच्या बाईंकडं जाताना मात्र मन घट्ट करून जा, कारण तुमचा कल तिकडं आहे हे पत्रातून लपलेलं नाही. माझाही आहे. पण लहान म्हणजे चांगलं असं नसतं. चार कागद आहेत याचा दोष देऊ नका, फाईल सजवायला त्यांच्याकडं माणूस नाही. १८ माणसं म्हणजे पीएफ सक्तीचा नाही, तो २० पासून. ईएसआय मात्र १० माणसांपासून लागतो, तसंच लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही १० पासून. मिरची कांडताना त्या बायकांच्या नाकाडोळ्यांचं काय होतं, वर पंखा आहे का, हात धुवायला काय आहे, बसायला पाट आहे की दिवसभर उकिडवं, महिन्याच्या अडचणीत सुट्टी मागता येते का, हे बायकांनाच विचारा. मालकीणबाई शेजारी नसताना. तिथं पुरुष परीक्षकांना बाहेर थांबवा.

राहिले मार्क. अध्यक्ष म्हणतील शंभरपैकी द्या: समाजकार्य ३०, पर्यावरण ३०, कामगार ४०. त्याला तयार होऊ नका. एकूण बेरीज केली की रुग्णवाहिकेचे २८ मार्क पीएफचे ५ झाकून टाकतात. प्रत्येक विषयात स्वतंत्र ३५ ची अट घाला: पाणी-कचरा, मजुरी, कामाच्या जागेची सुरक्षितता, देणी. एकात नापास तर नापास. ग्रेस नाही, बेस्ट ऑफ फाइव्ह नाही. चारही विषयांत पास झालेल्यांमध्येच मग रुग्णवाहिका, झाडं, शाळा यांची तुलना करा. तिघंही नापास झाले तर यंदा पुरस्कार नाही असं जाहीर करायची सोय नियमावलीत आत्ताच करून घ्या, मार्क द्यायच्या आधी. नंतर केलीत तर मित्राला पाडायला केली असं होईल.

आणि तरी बहुमतानं फौंड्रीच ठरली तर? तुमचा वेगळा अभिप्राय आकड्यांसकट इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही करा. आरडाओरडा नको, राजीनामाही नको. पुढच्या वर्षीच्या परीक्षकाला वाचायला काहीतरी राहिलं पाहिजे. शिवाय अध्यक्षांना एक सुचवून बघा: मित्राचं कौतुक करायचंच असेल तर 'दानशूर उद्योजक' असा वेगळा सत्कार करा, आम्ही टाळ्या वाजवतो. बऱ्याचदा मालकांनाही तेवढंच हवं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. भेटी मृग लागायच्या आत उरका. एकदा पाऊस धरला आणि ओढे-नाले भरून वाहू लागले की कुणाचं पाणी काळं आणि कुणाचं तांबडं काही कळत नाही, सगळंच गढूळ. सकाळी शिफ्ट सुटताना जा, समोरच्या टपरीवर चहा घ्या, मग गेटातून आत न जाता कंपाउंडला वळसा घालून मागच्या बाजूला या. एकट्या जाऊ नका, सहपरीक्षकाला बरोबर घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत पीएच पेपर शिल्लक असेल तर पर्समध्ये टाका. त्याला कायद्यात किंमत नाही, मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुनाच चालतो. पण कॉस्टिक सोड्याचं पाणी तसंच सोडलेलं असेल तर पट्टी गर्द निळी होते, आणि तो रंग तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.